दिवाणखान्यातला बंब

माझ्या लाडक्या दोघांनो,

तुमच्या नव्या घराचा नकाशा पोचला. घर गरम ठेवायचं ते यंत्र तळघरात बसवायचं की जिन्याखालच्या कोनाड्यात, यावर तुम्हा बहीणभावांची दोन मतं आहेत आणि आजीने निकाल द्यावा, असं तुम्ही लिहिलंत. थट्टेत लिहिलं असेल. सांगली-साताऱ्यात जन्म गेलेल्या बाईला घर तापवण्यातलं काय कळणार? आमची घरं आपोआप तापतात, ती गार कशी ठेवायची हाच आमचा प्रश्न. आम्ही तापवतो ते आंघोळीचं पाणी, तेवढंच.

पण नकाशावर तुम्ही लाल पेनने केलेल्या दोन फुल्या पाहिल्या आणि मलकापूरचं आपलं घर बांधताना मी केलेल्या फुल्या आठवल्या. त्यातली एक तुमच्यासाठी होती. म्हणून आत्ता लिहायला बसले. निकाल देत नाही, आमच्याकडे काय झालं ते सांगते. फोनवर सांगता आलं असतं, पण व्हिडिओत तुमची तोंडं समोर असताना हे मला बोलवणार नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहिते. मोठ्या आजीचं बोलणं मात्र ती बोलते तसंच लिहिणार आहे. ते मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. मी तिला आक्का म्हणते आणि ती मला धाकटे म्हणते. आजोबांचं गाव आटपाडीच्या पलीकडे, कोरड्या मुलखात. त्यांच्या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखत आली. दिवाळी झाली की कळप घेऊन पाण्याच्या मुलखाकडे निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, असं त्यांचं वर्ष असे. आजोबांची आई लवकर गेली. आक्का लग्न होऊन आली तेव्हा आजोबा अगदी पोर होते, तिनेच त्यांना वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. पुढे दीर वारले, मेंढरं विकली गेली, आणि आक्का गावातल्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली.

मी सांगलीची. वडील कॉलेजात शिकवायचे, मी इंग्रजी माध्यमात शिकले, पुढे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. सांगलीत आम्ही भाड्याने राहत होतो. त्या घरात एका वर्षी पुराचं पाणी खिडकीच्या वर चढलं. गाद्या, पुस्तकं, तुमच्या बाबांची लहानपणची चित्रं, सगळं चिखलात गेलं. तेव्हाच मी ठरवलं की स्वतःचं घर बांधेन ते नदीपासून लांब. आजोबा निवृत्त झाल्यावर मलकापूरला प्लॉट घेतला. हायवे जवळ, कराडचे दवाखाने जवळ, नळाला दिवसभर पाणी. आजोबांनी घराबाबत एकच गोष्ट मागितली. म्हणाले, वहिनीला खोली पाहिजे. बाकी सगळं माझ्यावर सोडलं.

आणि मी सगळं केलं. कुठल्या भिंतीत कुठला खिळा येणार, हे भिंत उभी राहण्याआधी मला माहीत होतं. आक्कासाठी मी मागच्या बाजूची खोली ठरवली, तिला लागून वेगळी बाथरूम आणि परसात उघडणारं दार. सगळ्यांना सांगितलं की आक्काला मोकळी जागा लागते, अंगण लागतं, गुडघ्यांमुळे जिना नको. हे खोटं नव्हतं. पण आक्का मिश्री लावते, आणि तो वास दिवाणखान्यापर्यंत येऊ नये, हेही माझ्या मनात होतं. ते मी कुणालाही सांगितलं नाही. आजोबांनाही नाही.

मग पाणी तापवायचा विषय निघाला. गच्चीवर सोलर बसवायचं हे नक्की होतं, प्रश्न होता टाकी कुठे ठेवायची. पुढच्या टोकाला ठेवली तर ती बरोबर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या डोक्यावर येत होती. वरचा मजला तुमच्यासाठी होता. मधोमध ठेवली तर सगळ्यांना सारखी लांब पडली असती. तुमच्या बाबांचा फोन आला. तुम्ही सांगलीला आला होतात तेव्हा, ही धाकटी चार वर्षांची असेल, बादलीतलं पाणी कोमट निघालं म्हणून ती आंघोळीत रडली होती आणि थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. बाबांना ते आठवत होतं. ते म्हणाले, आई, तिकडे मुलांना नळ उघडला की गरम पाण्याची सवय आहे, तेवढं बघ. मी लगेच गच्चीच्या पुढच्या टोकाला फुली केली.

प्लंबरने काम सुरू करण्याआधी एकदा विचारलं होतं. मागच्या बाथरूमला लांब पडतंय, चालेल का? मी म्हटलं, थोडा वेळ नळ सोडून ठेवायचा, येतं गरम. तो बरं म्हणाला आणि कामाला लागला. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं, तेवढ्यावर ते संपलं.

आक्का आली ती एक ट्रंक आणि तिचा बंब घेऊन. तुम्ही तो बंब पहिल्यांदा पाहिलात तेव्हा तो बंब म्हणून पाहिला नव्हता. तांब्याचा, उभा, कमरेएवढा. मधोमध नळकांडं असतं, त्यात जळण घालायचं. नळकांड्याभोवती पाणी असतं. खाली राख पडायला जाळी, बाजूला पितळेची तोटी. आजोबांनी पहिल्या पगारात तो सांगलीच्या भांड्यांच्या बाजारातून घेतला आणि एसटीच्या टपावर बांधून गावी नेला होता. आक्काने त्यात आयुष्यभर पाणी तापवलं.

टेम्पोतून उतरवल्यावर तिने विचारलं, "ह्यो कुठं ठेवायचा?" मी म्हटलं, आक्का, आता याची गरज नाही, इथे नळाला गरम पाणी आहे. धुराने नव्या भिंती काळ्या होतील. ती ट्रंक घेऊन आत गेली. तिच्याकडे सांगितलेलं ऐकायची पद्धत होती, आणि घर माझं होतं.

मला बंब सुंदर दिसला. मी तो कराडला पाठवून घासून घेतला, चकाकी टिकावी म्हणून त्यावर लॅकर मारून घेतलं आणि दिवाणखान्यात सोफ्याच्या बाजूला, जिथे संध्याकाळचं ऊन पडतं तिथे ठेवला. वरच्या तोंडात कापडी सूर्यफुलं खोचली. येणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. कुठून मिळवलात हो, असं विचारायचा. मी सांगायची की आमच्या गावाकडचा आहे, जुना आहे. आक्का तेव्हा आत असायची किंवा परसात. तुम्ही त्या उन्हाळ्यात आलात तेव्हा त्याला टेकून काढलेला तुमचा फोटो अजून फ्रिजवर आहे.

पहिला हिवाळा आला. मलकापूरला महाबळेश्वरसारखी थंडी पडत नाही, पण पहाटे उसाच्या रानांवरून गारठा उतरतो. आक्काला खोकला लागला. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आजी, गरम पाण्याने आंघोळ करता ना? मीच उत्तर दिलं की सोलर आहे. आक्काने मान हलवली. औषध झालं, काढा झाला, खोकला तिथेच.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. नव्या घरातलं पहिलंच, म्हणून कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. आक्का विधवा, अशा वेळी ती गावाकडे आतल्या खोलीत बसून राहायची. मी तिला हाताला धरून दिवाणखान्यात आणलं, खुर्चीवर बसवलं आणि तिळगूळ द्यायचं काम तिच्याकडे दिलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं होतं. बायकाही म्हणाल्या, असं घर पाहिजे.

नेहमीप्रमाणे बंबाचं कौतुक झालं. समोरच्या बंगल्यातली बाई आक्काकडे वळून म्हणाली, "आजी, तुम्ही खरंच यात पाणी तापवायचात?"

आक्काला बोलायला विषय मिळाला. ती खुलली. "तापवायची म्हंजी काय? चार चिपाडं टाकली की लय झ्याक पाणी तापतंय. पार पोरंबाळं न्हाऊन निघायची. आता हितं आल्यापासनं मला गार पाण्याची सवं लागली बघा."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. नव्या गावाला आल्यावर माणूस सांगतो ना, इथे चहात साखर जास्त घालतात, तसं सांगितलं. पण समोरची बाई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "म्हणजे बंब सोफ्यापाशी आणि आजी गार पाण्यात?" दुसऱ्या कुणीतरी तिला कोपर मारलं ते मला दिसलं. मी हसून म्हटलं, नाही हो, प्रत्येक बाथरूमला सोलरचं पाणी आहे, आक्कांना नळ कळत नसेल. मी हे आक्काच्या समोर म्हटलं. आपण काय बोलून गेलो ते तिला तेव्हा कळलं. तिने पदर पुढे घेतला आणि वाटीतले तिळगूळ उगाच नीट करत बसली.

बायका गेल्यावर मी तिच्या बाथरूममध्ये गेले. गरम पाण्याच्या नळाखाली तिची एक बादली होती. ती मागे येऊन उभी राहिली. मी विचारलं की आंघोळीला नळ कसा सोडता ते दाखवा. तिने बरोबर गरम पाण्याचाच नळ सोडला. पाणी गार आलं. बादली काठापर्यंत भरली आणि तिने नळ बंद केला. बादलीत हात घातला, पाणी तसंच गार होतं.

"आक्का, अजून सोडा ना. गरम पाणी मागून येतं."

"ठाव हाय की," ती म्हणाली. "ते मागनं येतंय. तवर माझी आंघूळ हुती."

मी पुन्हा नळ सोडला. लगेच वाफाळतं पाणी आलं. गच्चीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंतच्या नळीत एक बादली पाणी मावत होतं, आणि आक्का एका बादलीत आंघोळ करत होती. रोज सकाळी ती नळीतलं रात्रभर गार झालेलं पाणी काढून घ्यायची. तिच्या त्या बादलीमागे गच्चीवरचं गरम पाणी नळीतून खाली यायचं, तिच्या नळाच्या तोंडाशी येऊन थांबायचं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच गार व्हायचं. सगळा हिवाळा हे चाललं होतं.

मी म्हटलं, पहिली बादली ओतून द्यायची. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताचं पातेलं मोरीत उपडं करायला सांगितलं होतं. "पाणी वतून द्यायाचं?" मग मी म्हटलं, ओतू नका, त्या पाण्यात कपडे धुवा. ती म्हणाली, कापडं आंघोळीच्या पाण्यातच निघतात, ते पाणी धुण्याच्या दगडाखालून कढीपत्त्याला जातं, मग वेगळी बादली कशाला. "एका अंगाला दोन बादल्या? आमच्याकडं तेवढ्यात चौघं उरकत्यात. लाज वाटंल की गं."

इथे मी थांबायला हवं होतं. माझ्या कानात अजून समोरच्या बाईचं हसणं होतं. मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "आक्का, हे मला आधी सांगायचं होतं. चार बायकांत सांगून काय मिळालं? माझी मान खाली गेली."

ती म्हणाली, "चुकलं माझं, धाकटे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक बांधून पायरीवर बसली होती. आजोबांना म्हणाली, गावाकडं ज्वारी काढायला आली असंल, जाऊन येते. गावातली जमीन कधीच दुसऱ्याला कसायला दिलेली होती. तिच्यासाठी तिथे काढायला काही नव्हतं. आजोबांनी तिला स्टँडवर नेऊन एसटीत बसवलं. घरी आले आणि काय झालं ते त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं, माझं शेवटचं वाक्यही.

आजोबा भांडणारे नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी बंबातली फुलं काढून टीपॉयवर ठेवली आणि सांगू लागले. बंब यायच्या आधी घरात जळण फार नसे. शेणकुटं भाकरीला लागायची, बाभळीची लाकडं विकली जायची. तेव्हा आक्का सकाळी पाण्याची घागर अंगणात दगडी भिंतीला टेकून उन्हात ठेवायची, ऊन सरकेल तशी घागर सरकवायची, आणि दुपारी शाळेतून आलेल्या या पोराला त्या पाण्याने आंघोळ घालायची. स्वतः ती कधी, कशाने आंघोळ करायची ते त्यांना आठवत नव्हतं. "मला तिनं थंडीत एकदाही गार पाण्यानं न्हाऊ घातलं नाही," एवढं म्हणून ते आत गेले.

मी आक्काला फोन केला. ती बरी हाय म्हणाली, जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा केला तेव्हा उन्हाळा झाला की येते म्हणाली. ती येणार नाही हे मला कळलं. तिच्या बाथरूममध्ये विजेचा गिझर बसवून घेऊ का, असं मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, तू सगळं ठरवतेस. या वेळी तिला विचार.

आम्ही गाडीने गावी गेलो. विटा गाव सोडल्यावर ऊस कमी होत जातो, मग माळ लागतो. वाटभर मी काय बोलायचं ते मनात मांडत होते. चूक झाली, ही सुरुवात. मग टाकीची जागा कशी ठरली ते. मग गिझर. इंग्रजीत मला हे चांगलं मांडता आलं असतं, मराठीत प्रत्येक वाक्य अर्जासारखं वाटत होतं.

आक्का दारात होती. आम्ही येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने गाडी लांबून ओळखली असणार. गावाकडे आल्यागेल्याला पाय धुवायला पाणी देतात. तिने आतून चुलीवरचा तांब्या आणला, त्यात रांजणातलं थोडं पाणी घातलं, बोट बुडवून बघितलं आणि माझ्या पायांवर ओतलं. पाणी कोमट होतं. जानेवारीच्या उतरत्या दुपारी, लांबच्या हापशावरून डोक्यावर आणलेल्या पाण्यातलं ते पाणी माझ्या पायांवरून अंगणात गेलं. मी मांडलेलं सगळं तिथेच विसरले. मी खाली बघत उभी राहिले आणि रडू आवरेना. आक्का म्हणाली, "आत ये. पाय ओलं हायत, माती लागंल."

जेवणं झाल्यावर तिनेच विषय काढला. "बंब कुठं हाय?"

"तिथेच. सोफ्याजवळ."

"फुलं हायत अजून त्यात?"

आजोबा म्हणाले, "काढली, वहिनी. मी काढली."

आक्का हसली. "पाणी तापवायच्या भांड्यात फुलं, आन् मी गार. मला रोज बघून हसू यायाचं. म्हटलं, मोठ्या घरची रीत आसंल."

मी तिला म्हटलं, "आक्का, तो कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा." हे मी पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. तिने तेव्हा विचारलंच होतं.

ती आजोबांकडे बघून म्हणाली, "आवं, हिची भिंत काळी हुईल. मग मला म्हणंल." मी म्हटलं, नाही म्हणणार. "न्हाई म्हणणार, पण बघशील," ती म्हणाली. "रोज बघशील आन् गप बसशील. ते म्हणण्यापरीस वाईट." ती मला ओळखत होती. मी म्हटलं, "बघेन. सवय होईल." संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तिची ट्रंक गाडीत होती.

मलकापूरला दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं परसात उभे राहिलो. सवयीने मी पहिली जागा दाखवली ती कंपाउंडच्या कोपऱ्यात, शेवग्याच्या मागे, जिथून रस्त्यावरून काही दिसत नाही. तिथून तिच्या बाथरूमपर्यंत भरलेली बादली उचलून आणावी लागली असती. माझं बोट अजून त्या दिशेला होतं तेव्हाच मला ते लक्षात आलं, आणि आजोबांनी तोंड फिरवलं. आक्काने पदराचं टोक हवेत धरलं, वारा कुठून येतो ते पाहिलं, आणि तिच्या बाथरूमच्या दाराशेजारची भिंत दाखवली. फिक्या बदामी रंगाची, घराची सगळ्यात नीट रंगवलेली भिंत. तिथे दोन विटांवर बंब बसला. तोटीखाली बादली ठेवली की दोन पावलांवर बाथरूम.

पहिल्या दिवशी लॅकर करपलं. त्याचा घाण वास आला, तांब्यावर फोड आले. आक्का म्हणाली, काय फासलं हुतंस गं याला. मी सांगितलं. ती बंबाला राख लावून घासत बसली, आणि मी बाजूला उभी राहून पाहत राहिले. काही आठवड्यांत त्याची चमक गेली आणि भिंतीवर एक काळा पट्टा वर चढू लागला. खोकला गरम पाण्याने उतरला, की उन्हाळा आला म्हणून उतरला, ते मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही.

सकाळी आधी आजोबा परसात जाऊ लागले. त्यांची आंघोळ बंबाच्या पाण्याने. मी माझ्या बाथरूममध्ये नळाच्या पाण्याने करत राहिले, कारण मागायला तोंड नव्हतं. एका थंडीत आक्का माझ्या दाराशी बादली ठेवून गेली. वाफ निघत होती. तिने हाक मारली नाही, मी बादली आत घेतली. तेव्हापासून थंडीत माझीही बादली असते. नळीतलं गार पाणी सोडून देताना, म्हणजे कधी नळाने आंघोळ करायची वेळ आली तर, आता मी बादली लावते आणि ते पाणी झाडांना घालते. उशिरा आलेलं शहाणपण आहे, त्याचं कौतुक करू नका.

समोरच्या बाई अजून भेटल्या की विचारतात, "आक्कांना गरम पाणी मिळतं ना?" त्यांना काही वाईट म्हणायचं नसतं. मी हो म्हणते आणि पाय उचलते.

आणि तुम्ही. नंतरच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा पहिल्याच सकाळी धाकटी वरून ओरडत खाली आली होती, आजी, इथे तिकडच्यापेक्षा लवकर गरम पाणी येतं. सगळे हसले. आक्काही हसली. तिने धाकटीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, लेकराला गरम पाणी पाहिजेच. तो क्षण मला सगळ्यात कठीण गेला. तुमचा काही दोष नव्हता. वर्षातले बहुतेक दिवस रिकाम्या असणाऱ्या बाथरूमच्या डोक्यावर मी टाकी ठेवली होती, आणि रोज राहणाऱ्या माणसाला शेवटच्या टोकाला. प्रेमाने ठेवली होती, म्हणून मला त्यात चूक दिसली नाही.

तळघर की कोनाडा, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला तिथलं जास्त कळतं. नकाशा परत पाठवाल तेव्हा फक्त त्या यंत्रापासून सगळ्यात लांबच्या खोलीत कोण झोपणार आहे, ते त्यावर लिहा.

इकडे सोलरची टाकी अजून पुढच्या टोकालाच आहे, तुमच्या बाथरूमच्या वर. बदामी भिंत छतापर्यंत काळी झाली आहे, आम्ही ती रंगवलेली नाही. दिवाणखान्यातल्या फरशीवर सोफ्याच्या बाजूला बंबाच्या बुडाचा गोल डाग आहे, तो निघत नाही. बंबाची तोटी एकदा बदलली, बाकी तो चालतो. आक्काला आता कमी ऐकू येतं, पण सकाळचं जळण ती स्वतः घालते.

तुमची आजी